किल्ला डोळ्यांना एवढा मोठा दिसतो, मग मोबाईलमध्ये ठिपका का होतो?

मुरूडहून राजपुरीकडं जाणारा रस्ता मध्ये एक टेकडी चढतो. वळण घेतलं की खाली एकदम समुद्र उघडतो आणि त्यात जंजिरा उभा असतो. एसटीत गप्पा मारणारी माणसंसुद्धा तिथं दोन क्षण गप्प होतात. माझे मामू गेली कित्येक वर्षं कुवेतला आहेत. मागच्या हिवाळ्यात फोनवर त्यांनी एकच गोष्ट मागितली, "त्या वळणावरनं किल्ला जसा दिसतो तसा एक फोटो काढून पाठव बेटा. खोलीत लावायचाय."

यात अवघड ते काय? रविवारी दुपारी भावाच्या बाईकवर मागं बसून गेले, मोबाईल वर केला, बटण दाबलं आणि तिथूनच फोटो पाठवून दिला. दोन मिनिटांत उत्तर आलं, "माशाअल्लाह, पण यात किल्ला कुठाय?"

मग मी स्वतः नीट बघितलं. वरचा अर्धा फोटो म्हणजे नुसतं पांढुरकं आभाळ. खाली पाणी. कोपऱ्यात झुडूप आणि विजेच्या तारेचा तुकडा. आणि या सगळ्याच्या मधोमध बिस्किटाचा चुरा पडावा तसा जंजिरा.

हा अनुभव घरोघरी येतो. ईदच्या सुट्टीत कुणी दौलताबादला जातं, कुणी महाबळेश्वरला, कुणी पन्हाळ्याला. जागेवर जे बघून तोंडून सुभानअल्लाह निघतं, ते घरी येऊन दाखवायला गेलं की "हो, छान आहे" एवढ्यावर संपतं. दोष मोबाईलचा नसतो. महागडा कॅमेरा घेतला तरी असाच फोटो येऊ शकतो. फोटोत काय घ्यायचं, काय सोडायचं, कुठं उभं राहायचं आणि कधी जायचं, एवढं कळलं की साध्या मोबाईलवरही फरक पडतो. मला तो फोटो जमायला तीन फेऱ्या लागल्या. त्या तीन फेऱ्यांत जे कळलं तेच इथं सांगते.

मुठीचा हिशेब

आपण जंजिऱ्याकडं बघतो तेव्हा आपलं लक्ष फक्त किल्ल्यावर असतं. बाकीचं पाणी, आभाळ, तार, झुडूप डोळ्यांसमोर असतं, पण मन ते बाजूला सारतं. मोबाईलला मन नाही. त्याच्या मुख्य भिंगातून आडव्या फोटोत साधारण ७० अंशांचा पसारा मावतो आणि त्यातलं सगळं तो सारख्याच इमानदारीनं टिपतो.

हे मोजायची सोपी युक्ती आहे. हात पूर्ण लांब करून मूठ धरा. त्या मुठीची रुंदी साधारण १० अंश असते. म्हणजे मोबाईलच्या साध्या फोटोत आडव्या सात मुठी मावतात. आता समोरच्या किल्ल्यावर, डोंगरावर किंवा मिनारावर मूठ धरून बघा. तो एका मुठीत झाकला गेला, तर फोटोत तो सातवा हिस्सा होणार. अर्ध्या मुठीत झाकला गेला तर चौदावा. मामूंना किल्ला का दिसला नाही, त्याचं उत्तर एवढंच.

मग उपाय दोन. एक, जवळ जाणं. दोन, भिंग बदलणं. मोबाईलवर २ किंवा ३ हा आकडा दिसतो, तो दाबला की पसारा आवळतो. दोन पटीला साधारण चार मुठी उरतात, तीन पटीला तीनपेक्षाही कमी. एका मुठीचा किल्ला आता फोटोचा तिसरा हिस्सा भरतो. पण दोन बोटांनी चिमटा काढून दहा पट, वीस पट मोठं करू नका. साध्या मोबाईलमध्ये तिथं भिंग काम करत नसतं, आहे तोच फोटो ताणला जातो आणि कडा फुटतात.

०.५ लिहिलेलं बटण मात्र नवशिक्यांना फार भुलवतं. सगळं मावतं म्हणून आपण खूश होतो, पण दूरचा डोंगर त्यात आणखी लहान होतो. ते बटण कामाचं आहे, पण तुमच्या पायाशी दाखवण्यासारखं काही असेल तेव्हा. नुसतं दूरचं दृश्य असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये, असं माझं मत.

खाली उतरलं की किल्ला बदलतो

दुसऱ्यांदा आम्ही टेकडीवर थांबलोच नाही. जवळ जायचं ठरवलं होतं, म्हणून सरळ राजपुरीच्या जेट्टीवर गेलो. किल्ल्याकडं जाणाऱ्या होड्या इथूनच सुटतात. किल्ला खरंच मोठा दिसत होता. संध्याकाळ होती, सूर्य किल्ल्यामागं उतरत होता, तिकोनी शिडाची एक होडी परत येत होती. मी बेहद्द खूश. फोटो पाठवला. मामू म्हणाले, "सुंदर आहे. पण हे वळणावरचं नाही. हा नुसता काळा तट आहे."

त्यांचं बरोबर होतं, आणि यामागं एक साधा नियम आहे जो कुणी सांगत नाही. सपाट समुद्रावर क्षितिजाची रेघ नेहमी तुमच्या कॅमेऱ्याच्या उंचीवर असते. तुमच्या कॅमेऱ्यापेक्षा उंच असलेली प्रत्येक वस्तू त्या रेघेच्या वर डोकं काढते आणि बुटकी वस्तू रेघेच्या खाली राहते. जेट्टीवर उभं राहिलात की किल्ल्याचा तट तुमच्यापेक्षा उंच, म्हणून तो आभाळावर उठून दिसतो. टेकडीवर गेलात की तुम्ही तटापेक्षा उंच, म्हणून क्षितिज किल्ल्याच्या वर सरकतं आणि किल्ल्याच्या चारी बाजूंनी पाणी दिसतं. जंजिरा हे बेट आहे हे फक्त वरूनच कळतं. खालून तो एक भिंत असतो.

यातलं एक बरोबर आणि एक चूक असं नाही. दरारा दाखवायचा असेल तर खाली बसा, गुडघ्यावर टेका. एकटेपणा, पाण्याचा वेढा दाखवायचा असेल तर उंच जा. मामूंना वेढा हवा होता. लहानपणापासून त्यांनी तोच बघितला होता.

जेट्टीवर आणखी एक गोष्ट ध्यानात आली. होडीची डोलकाठी बरोबर बुरुजाच्या डोक्यातून उगवलेली दिसत होती. डोळ्यांना होडी जवळ आणि बुरूज दूर हे कळतं, कारण आपल्याला दोन डोळे आहेत आणि आपण हलत असतो. फोटोत दोन्ही एकाच कागदावर चिकटतात. दोन पावलं डावीकडं सरकले आणि डोलकाठी सुटी झाली. फोटो काढण्यापूर्वी असं दोन पावलं डावीकडं, दोन उजवीकडं सरकून बघणं ही नवशिक्याला लावून घेण्यासारखी सगळ्यात स्वस्त सवय.

रेघ कुठं ठेवायची

मोबाईलच्या सेटिंगमध्ये ग्रिड नावाची सोय असते. ती चालू केली की पडद्यावर दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघा येतात. लोकांना वाटतं ही मोबाईल कंपन्यांची काहीतरी नवी करामत. खरं तर ही गोष्ट कॅमेऱ्यापेक्षा जुनी आहे. जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकारानं १७९७ साली 'रिमार्क्स ऑन रुरल सीनरी' या पुस्तकात निसर्गचित्रांसाठी तृतीयांशाचा नियम मांडला. चित्राचे सारखे दोन तुकडे करू नका, एकाला दोन हिस्से द्या, दुसऱ्याला एक, असा त्याचा रोख.

व्यवहारात याचा अर्थ असा की आधी ठरवा, आभाळ महत्त्वाचं की जमीन. माझ्या पहिल्या फोटोत दुपारचं पांढरं, रिकामं आभाळ होतं आणि मी त्याला अर्धी जागा देऊन बसले होते. रिकाम्या आभाळाला एक हिस्सासुद्धा जास्त होतो, सरळ एक पट्टी ठेवा. उलट ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरताना ढगांचे डोंगर उभे राहतात, तेव्हा आभाळाला दोन हिस्से द्यायला हरकत नाही. तेव्हा ढग हाच विषय आणि किल्ला त्याच्या पायाशी.

मध्यभागी रेघ ठेवली तर गुन्हा होत नाही. छत्रपती संभाजीनगरचा बिबी का मकबरा घ्या. दरवाजातून आत आल्यावर समोर सरळ पाण्याची पट्टी आणि तिच्या टोकाला मकबरा. बांधणाऱ्यांनीच सगळं एका मध्यरेषेवर तोलून धरलंय. तिथं कॅमेरा बाजूला सरकवून तृतीयांश पाळायला जाणं म्हणजे उगाच हट्ट. बरोबर मध्ये उभं राहा, दोन्ही बाजूंचे मिनार कडेपासून सारख्या अंतरावर आहेत ना एवढं बघा. पाणी असेल तर प्रतिबिंब पुरं घ्या, अर्धं कापू नका.

एका बाबतीत मात्र सूट नाही. समुद्राची रेघ वाकडी नको. किंचित तिरकी असली तरी पाणी एका बाजूला सांडतंय असं वाटतं. ग्रिडची आडवी रेघ क्षितिजाला लावून बघितली की काम होतं.

मग कडा बघा. आपण सगळे फोटोच्या मधल्या गोष्टीकडं बघत बटण दाबतो आणि कडेनं तार, प्लास्टिकची पिशवी, कुणाची अर्धी चप्पल आत शिरते. दाबण्याआधी चारही कडांवरून एकदा नजर फिरवायला तीन सेकंद लागतात. राजा दीनदयाळ हे निझामाचे दरबारी छायाचित्रकार होते, त्यांच्या काळी काचेच्या पट्टीवर एकेक फोटो घ्यावा लागे. पट्टी वाया घालवणं परवडायचं नाही, म्हणून आधी पूर्ण चौकट डोळ्यांनी वाचून घेतली जायची. आपल्याला फोटो फुकट पडतात, म्हणून आपण चाळीस काढतो आणि चाळीसही सारखेच निघतात.

फजरनंतरची वेळ

पहिल्या दोन्ही फेऱ्यांत माझी सगळ्यात मोठी चूक वेळेची होती. जंजिरा राजपुरीच्या पश्चिमेला, समुद्रात. म्हणजे संध्याकाळी सूर्य किल्ल्याच्या मागं असतो आणि आपल्याकडं तोंड केलेली बाजू अंधारात. किल्ल्याचा मुख्य दरवाजा राजपुरीच्याच दिशेला आहे. त्यावर ऊन पडतं ते सकाळी, आपल्या पाठीमागून. इतकी साधी गोष्ट, पण आधी विचारच केला नव्हता. कोकणात समुद्र म्हटलं की आपल्या डोक्यात सूर्यास्तच येतो.

सकाळची वेळ किती असते, याबद्दल इंटरनेटवरच्या बऱ्याच इंग्रजी व्हिडिओंवर आपल्यासाठी विसंबू नये. सोनेरी उजेड तासभर टिकतो असं ते म्हणतात. युरोपात सूर्य तिरका चढतो, तिथं ते चालतं. आपल्या भागात सूर्य बराच सरळ वर जातो, तासाला साधारण १४ अंश. त्यामुळं सूर्योदयानंतर अर्ध्या तासात तो कोवळा, आडवा उजेड संपत येतो. आठ वाजता सावकाश निघालात तर हाती दुपारच लागते.

इथं नमाजी घरांना एक आयती सोय आहे. फजरची जमात झाली तरी सूर्योदयाला वेळ असतो. आमचा भाऊ मशिदीतून आला, चहा न घेताच निघालो आणि सूर्य वर यायच्या आधी टेकडीवर पोचलो. संध्याकाळचं जरा वेगळं. सूर्यास्त आणि मगरिब एकाच वेळी, त्यामुळं मोबाईल हातात घेऊन चुळबुळ होते. घाईची गरज नाही. सूर्य बुडाल्यावर वीस-बावीस मिनिटं आभाळात उजेड राहतो, आणि बरेचदा खरा रंग त्याच वेळी भरतो. नमाज पढून आलात तरी निळा-गुलाबी उजेड सापडतो. तेव्हा मोबाईल कठड्यावर टेकवा, हात हलला की फोटो पुसट येतो.

सूर्य रोज एकाच जागी बुडत नाही हेही लक्षात ठेवा. आपल्या अक्षांशावर डिसेंबरात तो नैर्ऋत्येकडं झुकतो आणि जूनपर्यंत जवळपास ५० अंश उत्तरेला सरकतो, म्हणजे पाच मुठी. ज्या जागेवरून डिसेंबरात सूर्य बुरुजामागं जातो, त्याच जागेवरून मे महिन्यात तो भलतीकडंच उतरतो. दुसऱ्याचा फोटो बघून जाणार असाल तर तो कोणत्या महिन्यातला आहे ते विचारा.

चांद आणि भरती

हिजरी तारीख घरात ठाऊक असेल तर समुद्राचा अंदाज बांधता येतो. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास, म्हणजे चांदाच्या १४-१५ तारखेला आणि महिन्याच्या अखेरीला, उधाणाची भरती असते. पाणी खूप चढतं आणि तितकंच खाली जातं. सात-आठ आणि बावीस-तेवीसच्या सुमारास भांगाची भरती, चढउतार कमी. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढं सरकते. ओहोटीत खडक, शेवाळ, ओल्या वाळूतली प्रतिबिंबं उघडी पडतात, फोटोला पुढं ठेवायला काहीतरी मिळतं. भरतीत किल्ल्याचा पाया पाण्यात बुडतो आणि वेढा पुरा होतो. मला भरती हवी होती.

चौदावीच्या पहाटेला आणखी एक मजा असते. पुनवेचा चंद्र सूर्योदयाच्या सुमारास पश्चिमेला मावळतो. म्हणजे फजरनंतर पाठीमागून उजाडत असतं आणि समोर समुद्रावर चंद्र उतरत असतो. पण चंद्र फक्त अर्धा अंश रुंद, मुठीचा विसावा भाग. साध्या फोटोत तो तांदळाच्या कणीएवढा येतो. तो हवाच असेल तर तीन पट किंवा जास्त भिंग लागतं.

आता एक सांगणं, जे मी बहिणीच्या मुलांना रागावून सांगते. उधाणाच्या दिवशी खडकाच्या टोकाला जाऊन फोटो काढू नका. चढतं पाणी बऱ्याचदा पाठीमागच्या खोलगट जागेतून आधी भरतं आणि परतीची वाट बंद होते. शेवाळलेल्या कातळावर चप्पल टिकत नाही. डोंगराच्या कड्यावर पडद्याकडं बघत मागं पाऊल टाकणं तर कधीच नाही. सरकायचं असेल तर आधी मोबाईल खाली करा, पाय बघा, मग सरका. लहान मुलं सोबत असतील तर एकानं फोटो काढावा, दुसऱ्यानं फक्त मुलं बघावीत.

पावसाळ्यात किल्ल्याकडं जाणाऱ्या होड्या बंद असतात, तेव्हा किनाऱ्यावरूनच काम भागवा. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकात तिपाई लावायला किंवा ड्रोन उडवायला परवानगी लागते. आणि जेट्टीवर मासळी निवडणाऱ्या बायकांचा फोटो विचारल्याशिवाय काढू नये. दृश्यात माणूस असला की किल्ल्याच्या आकाराचा अंदाज येतो हे खरं, पण त्यासाठी पाठमोरा भाऊही चालतो.

तिसरा फोटो

तिसऱ्या फेरीला थंडी होती. वळणावर नेमकी तार आडवी येत होती, म्हणून थोडं पुढं चालत गेले. तिथून खाली माडांचे शेंडे, त्यामध्ये काही कौलं, मग पाण्याची पट्टी, मग किल्ला. जवळचं, मधलं आणि दूरचं, असे तीन थर आपोआप मिळाले. पहिल्या फोटोत हेच नव्हतं, नुसतं दूरचं होतं. जवळ काही असलं की डोळा तिथून चालत आत जातो. सह्याद्रीत डोंगरांच्या एकामागे एक रांगा सकाळी फिकट होत जातात, तिथंही हेच घडतं. भातखाचराचा बांध, तांबड्या मातीची पायवाट, खाडीचं वळण, काहीही चालतं, फक्त ते विषयाकडं जाणारं असावं, चौकटीबाहेर पळणारं नको.

भिंग दोन पटीवर, क्षितिज वरच्या रेघेच्याही थोडं वर, किल्ला मध्यापासून जरा उजवीकडं. उजळ भागावर बोट ठेवून प्रकाश थोडा कमी केला, कारण मोबाईल आपणहून सगळं पांढरं करून टाकतो. सूर्य पाठीमागच्या टेकडीवरून वर आला तसा तट आधी राखाडी, मग तांबूस झाला. दरवाजाची कमान दिसायला लागली. पाच-सहाच फोटो काढले.

पाठवताना यावेळी काळजी घेतली. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा फोटो टाकला की तो दाबून लहान होतो. मोबाईलवर बरा दिसतो, छापायला गेलं की फुटतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे आडवे ४००० आणि उभे ३००० ठिपके, इंचाला ३०० या हिशेबानं १३ बाय १० इंचांपर्यंत स्वच्छ छापता येतो.

मामूंचं उत्तर लगेच नाही आलं. रात्री फोन आला. किल्ल्याबद्दल ते बोललेच नाहीत. "डावीकडं खाली ते तिसरं कौल, ते नानीच्या घराचं ना?" होतं. मला फोटो काढताना लक्षातही आलं नव्हतं. आठवड्यानं त्यांनी भिंतीवर लावलेल्या फोटोचा फोटो पाठवला. छापताना त्यांनी उजवीकडची झुडपं कापून टाकली होती, आणि खरं सांगायचं तर ती मीच आधी कापायला हवी होती.